शेतकी आणि कृषिशास्त्र : माध्यमिक शाळेतील एका विषयाचा इतिहास

ब्रिटिश अमदानीतील मुंबई इलाख्याच्या मराठी कागदपत्रांत ‘शेतकी’ हा शब्द सर्वत्र आढळतो. शेतकी खाते, शेतकी शाळा, शेतकी कॉलेज ही त्या काळाची नामावली होय. स्वातंत्र्योत्तर काळात तिची जागा ‘कृषि’ ह्या संस्कृत शब्दाने घेतली आणि शाळेतील विषय ‘कृषिशास्त्र’ झाला. हा बदल वरवर पाहता परिभाषेचा आहे. परंतु शेतीचे ज्ञान कोणत्या भाषेतून द्यावयाचे आणि विद्यार्थ्याला ते कोठवर नेणार, हा जुना प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. माध्यमिक शाळेत हा विषय वारंवार आणला गेला आणि वारंवार क्षीण झाला. त्याची कारणे सांगताना जमीन, पैसा व शिक्षक यांच्या उणिवेचा उल्लेख नेहमी होतो; भाषेने आखून दिलेल्या मर्यादेचा मात्र क्वचितच होतो.

ह्या इतिहासाचा आरंभच दोन टोकांनी झाला. १८७९ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शेतकीचा वर्ग निघाला व त्यातून पुढे १९०७ मध्ये स्वतंत्र शेतकी महाविद्यालय उभे राहिले. हे वरचे टोक इंग्रजीचे होते. खालच्या टोकाचा विचार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात मांडला. प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध लेखनवाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांच्या जोडीला शेतकीचे मूलज्ञान असावे, आणि प्रत्यक्ष शिक्षणासाठी शाळेला लहानसे नमुना-शेत जोडावे, अशी त्यांची सूचना होती. फुले यांच्या योजनेत शेतकी हा सर्वसामान्य शिक्षणाचा एक भाग आहे, त्या शिक्षणाच्या बदली दिलेली वस्तू नव्हे, हे येथे ध्यानात घेणे अवश्य आहे. पुढील काळात हाच भेद पुसट झाला.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबई सरकारने देशी भाषांतून चालणाऱ्या शेतकी शाळा काढल्या. त्यांपैकी पुण्याजवळील लोणी येथील शाळा विशेष प्रसिद्धीस आली. शेतकरी कुटुंबांतील मुलांनी सुमारे दोन वर्षे वसतिगृहात राहावे, शाळेच्या शेतावर स्वतः काम करावे, मराठीतून सुधारलेली शेती शिकावी आणि घरच्या शेतावर परतावे, अशी ही योजना होती. शिक्षण मराठीत असल्यामुळे ते मुलांना कळत होते, हा तिचा निर्विवाद गुण होय. परंतु त्याच गुणामुळे तिचा शेवटही ठरलेला होता. शेतकी महाविद्यालयाची वाट मॅट्रिकमधून व म्हणून इंग्रजीतून जात होती. लोणीचा हुशार विद्यार्थी कितीही पुढे असला, तरी त्याच विषयाच्या वरच्या पायरीवर पाय ठेवण्याचा मार्ग त्याला नव्हता. मराठीतली शेतकी बांधावर नेत असे, इंग्रजीतली शेतकी कचेरीत. आणि ह्या दोहोंच्या मध्ये जिना नव्हता.

१९२६ मध्ये नेमलेल्या शेतकीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात ह्या पद्धतीची पंजाबातील पद्धतीशी तुलना केली. पंजाबात स्वतंत्र शेतकी शाळा काढण्याऐवजी नेहमीच्या देशी भाषेच्या मिडल स्कूलमध्येच शेतकी हा विषय ऐच्छिक ठेवून शाळेला शेत जोडले जाई. कमिशनने आपला कौल पंजाबच्या बाजूने दिला. मुलाला सामान्य शिक्षणापासून न तोडता शेतकी शिकविता येते, हा त्यातील ग्राह्य भाग होता. एका अर्थाने फुले यांची सेहेचाळीस वर्षांपूर्वीची दृष्टी येथे पुन्हा मान्य झाली.

पालकांनी ह्या शाळांकडे फिरविलेली पाठ सुशिक्षितांना बहुधा अज्ञानाची वाटली. वस्तुस्थिती निराळी होती. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पिंपळे सौदागर गावाच्या पाहणीत असे दाखविले की, १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेले खातेदाराचे क्षेत्र १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. जे शेत दोन भावांत वाटले की कोणालाच पुरणार नाही, त्या शेतावर मुलाला परत पाठविणारी शाळा बापाने का पत्करावी? त्याचा आक्षेप शेतकीच्या ज्ञानाला नव्हता. वाट जेथे बंद होते तेथे मुलाला नेऊन सोडण्याला होता.

ह्या अनुमानास रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासातून पुष्टी मिळते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापलेल्या ह्या संस्थेने १९४० मध्ये सातारा येथे महाराजा सयाजीराव यांच्या नावाने विनामूल्य निवासी हायस्कूल काढले. तेथेही मुले शेतात राबत. परंतु त्यांचे श्रम हे शिक्षणाचे मोल होते. शिक्षणाची सीमा नव्हते. कुदळ हाती घेणारा तोच विद्यार्थी मॅट्रिकला बसू शकत होता. ज्या शेतकऱ्यांनी शेतकी शाळा टाळली, त्यांच्याच वर्गातील मुलांनी ही कुदळ आनंदाने उचलली.

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहूद्देशीय शाळांसाठी सात विषयगट सुचविले व त्यांत शेतीला स्वतंत्र स्थान दिले. ग्रामीण शाळांत शेतीबरोबर फळबागा व पशुपालन शिकवावे, अशीही शिफारस केली. तथापि कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्राथमिक व निम्न माध्यमिक स्तरावर शेतीचे व्यावसायिक शिक्षण देण्याचे प्रयत्न फसल्याचा निष्कर्ष काढला आणि त्याऐवजी सामान्य शिक्षणाला शेतीचे वळण देण्याचा व शालान्त स्तरानंतर कृषि-तंत्रनिकेतनांचा पुरस्कार केला.

मध्यंतरी माध्यमिक शिक्षणाचे माध्यम मराठी झाले होते. तरी भिंत पडली नाही, ती वर सरकली. १९६८ मध्ये राहुरी येथे कृषि विद्यापीठ स्थापन झाले व १९७२ पर्यंत राज्यात अशी चार विद्यापीठे झाली. पदवीचे अध्यापन मात्र इंग्रजीतून होत राहिले. त्याच वेळी शालेय पुस्तकांतील मराठी शेतकऱ्याच्या बोलीपासून दुरावली. ‘वाफसा’ ह्या शब्दाचे उदाहरण घ्यावे. पावसानंतर जमिनीत ओल व हवा यांचा मेळ बसून ती औत चालविण्यास व पेरणीस योग्य होते, ती अवस्था म्हणजे वाफसा. ‘आर्द्रता’ म्हणजे वाफसा नव्हे. आर्द्रता मोजता येते, वाफसा ओळखावा लागतो. ‘बेवड’ ह्या शब्दात आधीच्या पिकाने जमिनीवर ठेवलेला बरावाईट परिणाम एकवटलेला आहे. ‘फेरपालट’ हा शब्द क्रियेचे नाव सांगतो, परिणामाचे नाही. असे शब्द हे निरीक्षणाने सिद्ध झालेले पारिभाषिक शब्दच आहेत. ते वगळणाऱ्या पुस्तकातून शेतकऱ्याच्या मुलाला आपल्या घरातील ज्ञान हे ज्ञान नव्हे, एवढाच धडा मिळतो.

सारांश, ह्या विषयाचे अपयश त्याच्या आशयात नव्हते. त्याच्या जागेत होते. जेथे त्याच्या पुढे वाट होती तेथे तो टिकला, जेथे नव्हती तेथे तो ओसाड पडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायपरिचय व उच्च शिक्षणातही भारतीय भाषांचा वापर, अशा दोन्ही गोष्टींचा पुरस्कार केला आहे. पहिली स्वीकारून दुसरी टाळल्यास लोणीचाच प्रयोग नव्या नावाने पुन्हा होईल. वाफसा ओळखणाऱ्या मुलाला मृदाशास्त्राच्या पदवीपर्यंत आपल्या भाषेतून जाता येईल, तेव्हाच ‘शेतकी’ आणि ‘कृषिशास्त्र’ ही एकाच विषयाची दोन नावे ठरतील.