किहीमकरांनी लिहून ठेवलेले

अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन आबोथ हे १८४८ सालचे सिनेगॉग आहे. त्याची माहिती घ्यायला पंचवीसेक वर्षांपूर्वी मी आळीतल्या एका घरी गेलो होतो. घरातल्या आजी मालिद्याच्या पोह्यांत नारळ-गूळ कसा घालायचा ते सांगत होत्या. मी मात्र ‘साल कोणतं, आजी?’ एवढंच विचारत राहिलो. त्या दिवशी वहीत दोन सनावळ्या उतरल्या. पुढे आजी मुलाकडे इस्राएलला गेल्या. हाइम सॅम्युएल किहीमकरांचा ग्रंथ वाचला तेव्हा त्या दिवशी काय हातचे गेले ते कळले.

किहीमकर हे आडनाव अलिबागजवळच्या किहीम गावावरून आलेले. रोहेकर, पेणकर, थळकर, अष्टमकर अशा बेने इस्राएल आडनावांत आपल्या जिल्ह्याचा नकाशाच सापडतो. १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा काढण्यात किहीमकर पुढे होते. विद्यापीठातली इतिहासाची गादी त्यांच्याकडे नव्हती. १८९७ साली त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. तो पाहायला ते हयात नव्हते.

लिहिण्यामागे एक सल होता. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले, ही समाजाची परंपरागत कथा. वंशजांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पण मुंबईत मागाहून आलेले बगदादी यहुदी त्यांच्या मूळ वंशाविषयीच शंका घेत. त्या शंकेला किहीमकरांना उत्तर द्यायचे होते.

त्यांच्या मते पूर्वज इसवी सनापूर्वी १७५च्या सुमारास आले. जुन्या रिवाजात हनुक्काचा सण नाही. म्हणजे तो सुरू होण्याआधीच पूर्वजांनी मायदेश सोडला असावा, असा त्यांचा तर्क. मला तो पुरेसा वाटत नाही. ग्रंथ बुडाले त्या समाजाला एखादा सण विसरणेही शक्य आहे. दाविद राहाबी या धर्मशिक्षकाचा काळही ते फार मागे नेतात. तो अठराव्या शतकातला कोचीनचा राहाबी असावा, असे नंतरच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे.

पण सनावळी बाजूला ठेवली तरी ग्रंथ उभा राहतो. किहीमकरांनी सणांची घरगुती मराठी नावे टिपली आहेत : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. योम किप्पूरला दारे लावून घरात बसायचे, म्हणून तो दारफाळणीचा सण. राहाबीने परीक्षा म्हणून सगळे मासे मिसळून दिले, तेव्हा बायकांनी पंख व खवले नसलेले मासे वेगळे काढले, ही आठवणही त्यांनी नोंदवली. धर्मशास्त्राचे पुस्तक हाताशी नसताना तो नियम स्वयंपाकघरात टिकला होता. सनापेक्षा हा पुरावा मला बळकट वाटतो, आणि तो बायकांनी जपलेला आहे.

शंका मात्र संपली नाही. १९६०च्या दशकात इस्राएलमध्ये बेने इस्राएलांच्या विवाहांवरून पुन्हा तोच प्रश्न उठला. आंदोलने झाली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत यहुदी मानले. तोवर किनाऱ्यावरची बरीच घरे रिकामी झाली होती.

आज आमच्याकडे गावोगावच्या स्मरणिकांत प्राचीनतेची चढाओढ असते. त्यांत मीही लिहिले आहे. गावाचे नाव कोणत्या शतकात सापडते हे शोधावे, जरूर शोधावे. ताम्रपट आणि शिलालेख आणखी काही वर्षे वाट पाहू शकतात. बिरड्याचा सण कसा करत ते सांगणारी माणसे पाहू शकत नाहीत.

अलीकडे कुणाच्या घरी गेलो की मी आधी सणांची नावे विचारतो. साल विचारायचे राहून गेले तरी हळहळत नाही.