आज्ञावलीची वाचन-तपासणी व तिच्या श्रमांचे गणित

संगणकाची आज्ञावली प्रत्यक्ष न चालविता, केवळ तिचे वाचन करून दोष शोधणे, यास स्थिर तपासणी म्हणतात. तीस किती श्रम लागतील याचा अंदाज बांधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास 1976 पासून धरणे युक्त होय. त्या वर्षी आय.बी.एम. कंपनीतील मायकेल फॅगन यांनी आपली तपासणीपद्धती प्रसिद्ध केली. पूर्वतयारी, सभा, दुरुस्ती व फेरपाहणी असे टप्पे निश्चित होताच प्रत्येक टप्प्याचे तास मोजता येऊ लागले. उदाहरणार्थ, 2000 ओळी, 4 तपासनीस आणि वाचनाचा वेग ताशी 125 ओळी धरल्यास पूर्वतयारीस 64 व सभेस 64, मिळून 128 मनुष्यतास होतात. दुरुस्तीचे श्रम निराळेच. वेग दुप्पट धरला की अंदाज निम्म्यावर येतो, परंतु दोष निसटण्याचा संभवही वाढतो.

पुढे हे वाचन यंत्राकडे सोपविण्यात आले. पुण्यात 1981 मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन केंद्रानेही अशी विश्लेषक साधने घडविली. तथापि श्रम त्यामुळे संपले नाहीत. आज्ञावलीच्या वर्तनाविषयीचा कोणताही महत्त्वाचा गुणधर्म सर्व आज्ञावलींच्या बाबतीत यंत्राने अचूक ठरविणे अशक्य आहे, हे हेन्री राइस यांनी 1953 मध्येच सिद्ध केले होते. म्हणून यंत्राच्या इशाऱ्यांत खोटेही असतात, आणि त्यांची शहानिशा माणसासच करावी लागते. अंदाजाचे माप ओळींवरून इशाऱ्यांवर सरकले, एवढाच काय तो फरक.

मुखेडसारख्या तालुक्यास हा प्रश्न अपरिचित नाही. संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी जुळतो की नाही, हे पाहण्यासाठी 2017 मध्ये राज्यभर चावडीवाचन झाले. तेथे आज्ञावली नव्हे, नोंदी वाचल्या गेल्या; परंतु तत्त्व एकच होते. नाव वा क्षेत्र चुकले तर ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांस व ऐकणाऱ्या खातेदाराच्या कानांसच कळणार. अशा कामास वेळ कमी नेमला, तर वाचन उरकले जाते आणि चूक कागदावर राहते. तिचा भुर्दंड मात्र खातेदारास पडतो.

तात्पर्य, तपासणीच्या श्रमांचा अंदाज हा केवळ खर्चाचा आकडा नव्हे. किती चुका पाहावयाच्या आणि किती पुढे जाऊ द्यावयाच्या, याचा तो आधीच केलेला निर्णय असतो.