दारावरची पाटी

आमच्या जयसिंगपुरात पत्ता सांगणं सोपं असतं. गल्लीचा नंबर सांगितला की पाहुणा बरोबर दारात येतो. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं हे गाव वसवलं, तेच मुळी व्यापारपेठ म्हणून. त्यामुळं इथं रस्ते सरळ, गल्ल्या आखीव आणि माणसं धंद्याची. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या पडवीत कारखाना आणि मधल्या खोलीत संसार, अशी घरं आमच्याकडं खूप.

गेल्या वर्षी माझी पुतणी एक कागद घेऊन माझ्याकडं आली. ती घरी मसाला, शेवया आणि नानखटाई करते. मोबाईलवर ऑर्डरी घेते. सांगली, इचलकरंजी, पुण्यापर्यंत तिचा माल जातो. म्हणाली, "चाचा, मला कंपनी काढायची आहे. तुमची सही पाहिजे."

मी कवी माणूस. कंपनी म्हटलं की मला उंच धुराडी आणि भोंगा आठवतो. मी हसलो. पण माझे थोरले भाऊ हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "या घरावर पुन्हा कागद नको." आणि उठून आत गेले.

त्या "पुन्हा"चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळतो. मी शाळेत होतो तेव्हा अब्बांची नानखटाईची भट्टी होती. धंद्यात एक भागीदार होता. मैदा, तूप, साखर उधारीवर यायचं. हिशेब भागीदाराकडं असायचा. एके दिवशी तो गाव सोडून गेला आणि उधारीवाले आमच्या दारात उभे राहिले. अब्बा म्हणत राहिले, "निम्मं माझं, निम्मं त्याचं." पण कायदा तसं म्हणत नव्हता. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणं प्रत्येक भागीदार धंद्याच्या सगळ्या कर्जाला एकटाही बांधील असतो. जो सापडेल त्याच्याकडून वसूल करायचं. अम्मीच्या पाटल्या गेल्या आणि मग ते घरही गेलं. आज राहतो ते घर भावानं पुढं वीस वर्षं राबून बांधलं.

पुतणीच्या कागदामुळं मी या विषयाच्या मागं लागलो. माणसानं धंदा केला, तो बुडाला, तर माणूस किती बुडावा? हा प्रश्न फार जुना आहे. अरब व्यापाऱ्यांत मुदारबा नावाची रीत होती. एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरल्याप्रमाणं वाटायचा. तोटा झाला तर भांडवलवाल्याचं भांडवल बुडायचं आणि राबणाऱ्याचे श्रम वाया जायचे. भांडवलवाल्याच्या घरादारापर्यंत तोटा पोचायचा नाही. मर्यादित जबाबदारीचं बीज यात दिसतं.

इंग्लंडमध्ये याचा रीतसर कायदा झाला 1855 साली. आपल्याकडं तो आला 1857 मध्ये. हे साल म्हटलं की आपल्याला उठाव आठवतो. पण त्याच वर्षी हिंदुस्थानात कंपन्यांना मर्यादित जबाबदारी देणारा कायदाही झाला. बँका आणि विमा कंपन्या तेवढ्या त्यातून वगळल्या होत्या. शेअर घ्यायचा आणि त्याचे पैसे पूर्ण भरले की त्यापुढं काही लागायचं नाही, असा हा करार होता.

याचा फायदा झाला, तसा दुरुपयोगही झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि कंपन्यांचं पीक आलं. 1865 साली युद्ध संपलं, कापूस उतरला आणि शेअरबाजार कोसळला. बडे बडे शेठ दिवाळखोर झाले. पुढच्याच वर्षी, 1866 मध्ये, मुंबई इलाख्यात एक कायदा झाला. बापाचं कर्ज मुलानं फेडायचं ते वारशानं मिळालेल्या मालमत्तेपुरतंच, असं हिंदू वारसांसाठी त्यात ठरलं. त्याआधी बापाचं कर्ज हे मुलाच्या मानेवरचं जू मानलं जाई. मुसलमानांच्या वारसा कायद्यातही वारस मिळालेल्या वाट्यापुरताच बांधील असतो. म्हणजे कर्जाला कुठंतरी हद्द असावी, हे सगळ्यांनाच पटत आलं होतं.

आता घरगुती धंद्याकडं येतो. लंडनमध्ये अॅरॉन सॉलोमन नावाचा एक गृहस्थ चामड्याचे बूट करायचा. 1892 साली त्यानं आपल्या धंद्याची कंपनी केली. तेव्हा कायदा किमान सात माणसं मागायचा. त्यानं बायको, मुलगी आणि चार मुलांना एकेक शेअर दिला आणि बाकीचे वीस हजार एक स्वतःकडं ठेवले. कंपनी बुडाली. देणेकऱ्यांच्या वतीनं सांगण्यात आलं, की ही कंपनी कसली, हा तर सॉलोमनच! खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. 1896 मध्ये निकाल लागला, की कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. कंपनीचं कर्ज हे त्याचं कर्ज नव्हे. आपल्या कोर्टातही हा निकाल आजवर आधाराला घेतला जातो.

इतकं लांब जायचंही कारण नाही. आमच्या स्टेशनावरून मिरज गाठावं आणि पुण्याकडची गाडी धरावी. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. 1910 साली त्या माळावर कारखाना उभा राहिला. दहा वर्षांनी, 1920 मध्ये, तो "किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड" झाला. नावात "ब्रदर्स" तसेच राहिले. त्यांच्यामागं "लिमिटेड" आलं, एवढाच फरक. पण त्या एका शब्दामुळं घरचा धंदा घरापासून सुटा झाला.

सगळ्यांनी हीच वाट धरली असंही नाही. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसनं. तोच पुढं लिज्जत पापड झाला. त्यांनी कंपनी काढली नाही. 1966 साली संस्था म्हणून नोंदणी केली. तिथं प्रत्येक बहीण मालकीण असते आणि नफा-तोटा सगळ्यांचा. एकटीचं बुडणं वाटून घ्यायचं, हाही कर्जाला हद्द घालण्याचाच एक मार्ग झाला.

कायदा मात्र एकेका माणसाच्या जवळ येत गेला. आधी सात माणसं लागत. 1913 च्या कायद्यानं खासगी कंपनीला दोन पुरेशी ठरवली. एकाच माणसाच्या कंपनीची शिफारस जे. जे. इराणी समितीनं 2005 साली केली आणि 2013 च्या कंपनी कायद्यात ती आली. 2015 मध्ये किमान एक लाख भांडवलाची अट गेली. माझी पुतणी हीच एकट्याची कंपनी काढू पाहत होती.

तिला माझी सही हवी होती ती नॉमिनी म्हणून. एकट्याच्या कंपनीत मालकाला काही झालं, तर जागा घेणारा माणूस आधीच नेमावा लागतो आणि त्याची लेखी संमती लागते. दुसरा कागद भावाचा. कंपनीचा पत्ता घराचाच असला तरी चालतो, पण घरमालकाची ना-हरकत लागते.

मी भावाजवळ बसलो. म्हटलं, "भाईजान, अब्बांच्या वेळी हे असतं तर घर गेलं नसतं." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि बँक कर्ज देताना घर मागणार नाही?"

त्यांचा प्रश्न बिनतोड होता. कंपनी मर्यादित असली तरी बँक बहुधा मालकाची वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही केली, की कायद्यानं घातलेली हद्द आपण आपल्या हातानं पुसतो. शिवाय कंपनी म्हणजे दर वर्षी ऑडिट आलं, विवरणपत्रं आली आणि उशीर झाला की दंड आला. धंद्याचे आणि घरचे पैसे एकाच डब्यात ठेवून चालत नाही. फसवणूक केली तर ही भिंत कोर्ट उभी राहू देत नाही. धंदा लहान असेल तर नुसती उद्यम नोंदणी आणि खाद्यपदार्थांचा परवानाही पुरतो.

मला अब्बांचा जनाजा आठवला. आमच्यात रिवाज आहे, नमाजाआधी घरातला कर्ता पुढं होऊन सांगतो, की मयताकडं कुणाचं देणं असेल तर आमच्याकडं मागा. भाऊ उभे राहिले होते. चौथ्या दिवशी एक म्हातारे व्यापारी जुनी चिठ्ठी घेऊन आले. अब्बांनी मागं काही ठेवलं नव्हतं. कायद्यानं भाऊ एक रुपयाही लागत नव्हते. तरी त्यांनी दर महिन्याला थोडे थोडे करून ते पैसे फेडले. अशा माणसाला "मर्यादित जबाबदारी" म्हणजे पळवाट वाटली, तर त्यात नवल काय?

मी त्यांना म्हणालो, "तुम्ही फेडलंत ते आपल्या मनानं. पण अम्मीच्या पाटल्या कुणी मनानं दिल्या नव्हत्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुतणीला बोलावलं. म्हणाले, "पत्त्यासाठी घर घे. तारणासाठी घर मिळणार नाही. कुणाची उधारी थकवायची नाही." तिनं मान हलवली. भावानं सही केली, मग मी केली. मोठं यंत्र घ्यायचा बेत तिनं पुढं ढकलला. नफ्यातून घेईन म्हणाली.

आज आमच्या दारावर पाटी आहे. कंपनीचं नाव आणि पत्ता बाहेर लावावा लागतो, आणि त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतही लावावा लागतो, असं कायदा सांगतो. इंग्रजी ओळीखालची मराठी ओळ लिहायचं काम माझ्याकडं आलं. आपल्याकडं साखर कारखान्यांच्या पाट्यांवर लिमिटेडला "मर्यादित" म्हणायची रीत आहे. मी तोच शब्द कागदावर लिहून भावाला दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "हा शब्द बरा आहे. यात मर्यादा आहे."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)