६ ऑक्टोबर १९८९ : कापडाच्या दुकानात टिनटिन
बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्समध्ये चित्रकथांचे संग्रहालय आजच्याच दिवशी लोकांसाठी खुले झाले. तीन दिवस आधी राजा बोदुआँ आणि राणी फाबिओला यांच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले होते. इमारत मूळची वोकेझ यांच्या कापडाच्या घाऊक दुकानाची. वास्तुशिल्पी व्हिक्टर होर्ताने १९०६ मध्ये बांधलेली, काचेच्या छतातून उजेड झिरपणारी. दुकान बंद पडल्यावर ती मोडकळीस आली होती.

इथे पाहायची ती चित्रकारांनी हाताने काढलेली मूळ पाने. छापील पुस्तकातला टिनटिन, हा बेल्जियन चित्रकथांचा नायक, गुळगुळीत. मूळ कागदावर मात्र पेन्सिलीच्या खुणा आणि चुकीवर फासलेला पांढरा रंग दिसतो. बहुतेक पाने छापील आकाराहून मोठी, आणि चक्क बिनरंगी! कारण शाईचे रेखाटन एका कागदावर आणि रंगकाम त्याच्या फिक्या निळ्या छापावर, अशी बेल्जियन चित्रकारांची रीत होती. उजेडाने कागद खराब होतो, म्हणून पाने आलटून पालटून मांडतात. एकेकाळी छपाई उरकली की अशा पानांना फारसे कुणी विचारत नसे. आता त्यांच्यावर लिलावात लाखो युरोंची बोली लागते.