आल्प्समधील उन्हाळी पदभ्रमण : नियोजनाच्या साधनांचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : आल्प्स, पदभ्रमण, वाटाड्या, पर्वतनिवारा, दिशादर्शक फलक, हिमनदी

प्रस्तावना :

प्रवासाच्या इतिहासात कोण कोठे गेला याची नोंद विपुल आढळते. मात्र निघण्यापूर्वी त्याने बेत कसा आखला, कशाच्या आधारे आखला आणि तसा बेत आखण्याची मुभा कोणास होती, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. फ्रान्सपासून स्लोव्हेनियापर्यंत पसरलेल्या आल्प्स पर्वतरांगेतील उन्हाळी पदभ्रमण हे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे उदाहरण होय. तेथील उन्हाळा म्हणजे साधारणतः जूनअखेर ते सप्टेंबर हा काळ. उंचावरील खिंडींतील बर्फ याच काळात ओसरतो व पायवाटा मोकळ्या होतात. या मोजक्या आठवड्यांचा बेत आखण्याची साधने कशी निर्माण झाली आणि ती कोणाच्या हाती आली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१) वाटाड्याचे ज्ञान :

अठराव्या शतकापर्यंत आल्प्समधील वाटांचे ज्ञान हे गुराखी, शिकारी आणि स्फटिक शोधणाऱ्या स्थानिकांच्या स्मरणात होते. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७६० मध्ये माँ ब्लाँ शिखराची वाट शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. ८ ऑगस्ट १७८६ रोजी ते शिखर सर करणारे झाक बाल्मा व डॉ. पाकार हे दोघेही शामोनी खोऱ्यातीलच होते. पुढील वर्षी स्वतः सोस्यूर शिखरावर गेले, ते १८ वाटाड्यांना सोबत घेऊन. म्हणजेच पाहुण्याने इच्छा करावयाची आणि वाट, वेळ व हवामान यांचा निर्णय स्थानिकाने करावयाचा, अशी ही विभागणी होती.

या विभागणीला तडा गेला की किंमत वाटाड्यांना मोजावी लागे. १८२० मध्ये डॉ. हामेल यांच्या मोहिमेत माँ ब्लाँवर हिमप्रपात होऊन तीन वाटाडे मृत्युमुखी पडले. या घटनेनंतर १८२१ मध्ये शामोनी येथे वाटाड्यांची संघटना स्थापन झाली आणि त्यांच्या कामाला नियमांची चौकट मिळाली.

२) पुस्तक, नकाशा आणि रेल्वे :

एकोणिसाव्या शतकात हे ज्ञान कागदावर उतरले. लंडनच्या मरे प्रकाशनाने १८३८ मध्ये, तर जर्मनीतील बेडेकर यांनी १८४४ मध्ये स्वित्झर्लंडविषयीची मार्गदर्शक पुस्तके प्रसिद्ध केली. मार्ग, मुक्कामाची ठिकाणे आणि खर्च यांचा अंदाज वाचकाला घरबसल्या करता येऊ लागला. १८४५ ते १८६५ या काळात ड्यूफूर यांच्या देखरेखीखाली संपूर्ण स्वित्झर्लंडचा १ : १,००,००० या प्रमाणातील नकाशा सिद्ध झाला.

१८६३ च्या उन्हाळ्यात थॉमस कुक यांनी स्वित्झर्लंडची पहिली सहल नेली. तीत सहभागी झालेल्या यॉर्कशायरच्या जेमिमा मॉरेल यांनी रोजनिशी लिहिली व ती १९६३ मध्ये प्रकाशित झाली. शामोनी, गेमी खिंड आणि रिगी असा तो प्रवास रेल्वे, घोडागाडी, खेचर व पायी मिळून तीन आठवड्यांत पार पडला. सरदार घराण्यातील नसलेल्या एका मध्यमवर्गीय स्त्रीला ठरावीक दिवसांत आणि ठरावीक खर्चात आल्प्स पाहता आला, हे या सहलीचे ऐतिहासिक महत्त्व होय. रिगीवर दंतचक्री रेल्वे धावू लागली ती १८७१ मध्ये. त्यामुळे चढण टाळून केवळ वरच्या वाटांवर चालण्याचा बेतही शक्य झाला.

३) निवारे आणि त्यांचे दरवाजे :

एका दिवसात न संपणाऱ्या वाटेसाठी मुक्कामाची सोय हवी. लंडनचा अल्पाइन क्लब १८५७ मध्ये, ऑस्ट्रियाचा १८६२ मध्ये, स्विस व इटालियन क्लब १८६३ मध्ये, तर जर्मन क्लब १८६९ मध्ये स्थापन झाला. स्विस क्लबने स्थापनेच्याच वर्षी ट्योडी शिखराजवळ ग्रूनहॉर्न हा पहिला निवारा उभारला. पुढे निवाऱ्यांचे जाळे वाढले आणि एका निवाऱ्याहून दुसऱ्या निवाऱ्याकडे जाण्याची पद्धत रूढ झाली.

परंतु ही साधने सर्वांसाठी सारखी खुली नव्हती. लंडनच्या क्लबने स्त्रियांना सभासदत्व दिले ते थेट १९७४ मध्ये. वस्तुतः लूसी वॉकर यांनी १८७१ मध्येच मॅटरहॉर्न सर केले होते. १९२४ मध्ये जर्मन-ऑस्ट्रियन संघाने प्रामुख्याने ज्यू सभासद असलेली व्हिएन्नाची ‘डोनाउलांड’ शाखा संघाबाहेर काढली. दुसरीकडे, व्हिएन्नामध्येच १८९५ साली समाजवादी विचारांच्या मंडळींनी ‘निसर्गमित्र’ ही संघटना स्थापून कामगारांसाठी सहली व निवारे सुरू केले. तरीही रजेशिवाय बेत व्यर्थच. फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली ती १९३६ मध्ये.

४) पिवळा फलक :

मोटारींची वर्दळ वाढल्यावर पायी चालणारा रस्त्यावरून हटविला जाऊ लागला. या परिस्थितीत शाळाशिक्षक याकोब एस यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या पिवळ्या फलकांवर अंतराऐवजी चालण्यास लागणारा वेळ दिलेला असतो. सपाटीवर ताशी सुमारे ४.२ किलोमीटर हा वेग गृहीत धरून त्यात चढ-उताराचा हिशेब मिळविला जातो. साध्या वाटेसाठी पिवळी, डोंगरी वाटेसाठी पांढरी-लाल-पांढरी आणि अवघड वाटेसाठी पांढरी-निळी-पांढरी खूण असते. १९७९ मध्ये पायवाटांना राज्यघटनेत स्थान मिळाले व १९८५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. सुमारे ६५,००० किलोमीटरचे हे जाळे म्हणजे वाटाड्याच्या स्मरणातील ज्ञान सार्वजनिक मालमत्ता झाल्याचे प्रतीक होय. पाठोपाठ २००२ मध्ये स्विस क्लबने वाटांच्या काठिण्याची सहा पायऱ्यांची श्रेणीही निश्चित केली.

५) वितळणारा बर्फ :

या सर्व साधनांमागे एक गृहीतक होते, ते म्हणजे पर्वत आहे तसा राहील. हे गृहीतक आज डळमळीत झाले आहे. २०२२ व २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांनी सुमारे १० टक्के बर्फ गमावला. आलेच हिमनदीकाठचा कोंकोर्डिया निवारा १८७७ मध्ये बांधला गेला. तेव्हापासून हिमनदीचा पृष्ठभाग इतका खाली गेला आहे की, तेथे पोहोचण्यासाठी आता खडकाला जोडलेल्या चारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. ३ जुलै २०२२ रोजी इटलीतील मार्मोलादा येथे हिमनदीचा भाग कोसळून ११ जणांचा मृत्यू झाला. २८ मे २०२५ रोजी बर्च हिमनदी कोसळून ब्लाटन गावाचा बहुतांश भाग गाडला गेला. निरीक्षकांच्या इशाऱ्यामुळे गाव आधीच रिकामे करण्यात आले होते, म्हणूनच मोठी जीवितहानी टळली.

साहजिकच आजच्या नियोजनात वाटेची श्रेणी, चालण्याचे तास आणि निवाऱ्यातील आगाऊ नोंदणी एवढ्यावर भागत नाही. निवाऱ्याच्या व्यवस्थापकाकडे वाटेची विचारपूस करणे, बंद वाटांच्या सूचना पाहणे, दुपारच्या वादळापूर्वी खिंड ओलांडता येईल अशा बेताने पहाटे निघणे आणि परतीची पर्यायी वाट ठरविणे या बाबी आवश्यक ठरतात.

निष्कर्ष :

१) आल्प्समधील पदभ्रमणाचे नियोजन हे वाटाड्याकडून पुस्तकाकडे, पुस्तकाकडून निवाऱ्याकडे आणि अखेर कायद्याने संरक्षित फलकाकडे असे विकसित झाले.

२) साधने निर्माण झाली म्हणून ती आपोआप सर्वांची झाली नाहीत. स्त्रिया, ज्यू आणि कामगार यांचा इतिहास हेच दर्शवितो.

३) हवामानबदलामुळे छापील माहिती लवकर जुनी होऊ लागली आहे. परिणामी ज्या स्थानिक ज्ञानाला दोन शतकांत पर्याय उभे राहिले, त्याच ज्ञानाची गरज पुन्हा भासू लागली आहे. फलक वाट दाखवितो, परंतु ती वाट आज शाबूत आहे किंवा नाही, हे तेथे राहणारा माणूसच सांगू शकतो.