मृत्युकारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र

रुग्ण कशामुळे दगावला, हे डॉक्टरने सही करून जन्म-मृत्यू निबंधकाला कळवण्याचा विहित नमुना. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना 4, बाहेरच्या मृत्यूसाठी नमुना 4अ. महापालिका किंवा ग्रामपंचायत वारसांना देते तो मृत्यूचा दाखला वेगळा. त्यावर कारण छापण्यास कायद्यानेच मनाई आहे. देशाची वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित मृत्युकारणांची आकडेवारी मात्र या नमुन्यांतूनच तयार होते.

नमुन्याच्या पहिल्या भागात कारणांची साखळी लिहायची असते. वरच्या ओळीत अखेरची अवस्था, तिच्याखाली ती ज्यातून उद्भवली ते, आणि तळाशी मूळ आजार. टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाला गँगरीन झाले, संसर्ग रक्तात पसरला आणि तो दगावला, असे समजू. नोंद अशी हवी : सेप्टिक शॉक, त्याखाली सेप्टिसीमिया, तळाला टाइप 2 मधुमेहातून आलेले पायाचे गँगरीन. उच्च रक्तदाबानेही हातभार लावला असेल, तर तो दुसऱ्या भागात. प्रत्येक अवस्था किती काळ होती, तेही शेजारी.

एवढे लिहिलेले असले की आयसीडी-10 या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला ई11.5 हा संकेतांक बिनचूक देता येतो. ‘मधुमेह’ एवढाच शब्द असेल तर ई14, म्हणजे प्रकार न सांगितलेला मधुमेह. आणि नुसते ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिले तर आय46.9. हृदय आणि श्वास तर प्रत्येक मृत्यूत थांबतात. ते मरणाचे कारण नव्हे, तरी रात्रपाळीत दमलेल्या रेसिडेंट डॉक्टरच्या पेनातून हेच शब्द उतरत राहतात. आकडेवारीसाठी संकेतांक देणाऱ्यापुढे केस पेपर नसतो, हा नमुनाच असतो. त्यामुळे त्या रुग्णाचा मधुमेह सरकारी हिशेबात कधीच येत नाही, आणि मधुमेहावर किती खर्च करायचा हे तोच हिशेब पाहून ठरते.

हे वर्गीकरण फ्रेंच सांख्यिकीतज्ज्ञ झाक बर्तियों यांनी 1893 साली शिकागोत मांडलेल्या यादीतून वाढत आले. 1948 पासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. आयसीडी-11 ही आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली.

भारतात या नमुन्याला आधार 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचा. तरी 2020 साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22 टक्क्यांचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. गोवा याबाबतीत देशात आघाडीवर राहिला आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक वैद्यकीय संस्थेला हे प्रमाणपत्र निबंधकाकडे विनाशुल्क पाठवणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक केले.

कोविडने या कागदाचे मोल उघडे केले. विषाणू चाचणीत आढळला तर यू07.1, लक्षणे तीच पण चाचणीचा दुजोरा नसेल तर यू07.2, असे संकेतांक आले. तरीही 16 जून 2020 रोजी नोंदींची फेरतपासणी करून महाराष्ट्राला आधी न धरलेले 1,328 मृत्यू एकदम जाहीर करावे लागले. त्यांतले 862 एकट्या मुंबईतले होते.

सुधारणेसाठी महागड्या सॉफ्टवेअरच्या आधी दोन गोष्टी हव्यात : इंटर्नशिपमध्ये खऱ्या केस पेपरांवरून साखळी लिहिण्याचा सराव आणि नमुना निबंधकाकडे जाण्यापूर्वी वरिष्ठांची नजर. संक्षेप तर लिहूच नयेत. ‘एमएस’ म्हणजे हृदयाच्या झडपेचा मायट्रल स्टेनोसिस की मज्जासंस्थेचा मल्टिपल स्क्लेरोसिस, हे त्या दोन अक्षरांवरून कोणालाही सांगता येत नाही.