640 किलोबाइटचा संसार

संगणकावर खेळणं म्हणजे करमणूक, असं ज्याला वाटतं त्याने 1990 च्या सुमाराचा घरगुती संगणक पाहिलेला नाही. त्या काळी खेळायला बसलेला माणूस पहिले दोन तास हिशेबच करायचा. आम्ही बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेले, तेव्हा ताळेबंदाला भ्यायचं कारण नाही. पण ताळेबंद जुळल्याशिवाय राजपुत्र उडीच मारणार नाही, इतकी कडक शिस्त आमच्या बँकेतसुद्धा नाही!

त्याचं मूळ 1981 सालात आहे. त्या वर्षी आयबीएमने पीसी बाजारात आणला. त्यातल्या 8088 प्रोसेसरला एकूण 1 मेगाबाइटपर्यंतच मेमरी मोजता येई. आखणाऱ्यांनी त्यातले 640 किलोबाइट प्रोग्रामांना दिले आणि वरचे 384 पडद्यासाठी व यंत्राच्या स्वतःच्या कामांसाठी राखून ठेवले. पुढे यंत्रं सुधारली, मेमरी चार-चार, आठ-आठ मेगाबाइट झाली, पण डॉसचा संसार त्याच 640 च्या खोलीत. गावाला पन्नास एकर जमीन आणि मुंबईत एका खोलीत नऊ माणसं, अशातली गत.

त्यात खेळ येण्याआधीच खोलीत मंडळी मुक्कामाला असत. डॉस स्वतः, माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर. आणि एखादा तालेवार खेळ दारातूनच सांगे, जवळजवळ 600 किलोबाइट मोकळे हवेत. ‘मेम’ अशी आज्ञा देऊन शिल्लक पाहावी तर 571! गावाकडच्या मेगाबाइटांचा उपयोग शून्य आणि अडलंय 29 साठी. मग कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन फायली उघडून एकेका पाहुण्याला निरोप द्यायचा. 1991 साली एमएस-डॉस 5 आलं आणि 386 यंत्रांना माळा मिळाला. त्या राखीव 384 मधल्या रिकाम्या कोपऱ्यांत ड्रायव्हर चढवता येऊ लागले. या आज्ञेचं नाव ‘लोडहाय’. आपल्या भाषेत माळ्यावर टाकणे. काही खेळांना ही माळ्याची व्यवस्थाच चालत नसे. त्यांच्यासाठी वेगळी बूट फ्लॉपी करून ठेवायची. प्रत्येक जावयाला वेगळा स्वयंपाक!

जागेचं जमलं की आवाजाचं भांडण. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर कार्ड 1989 साली आलं. तोवर बहुतेक पीसींना आवाज म्हणजे फक्त टूं टूं. आता खेळ बसवताना प्रश्नपत्रिका सुटू लागली. पोर्ट कोणता? आयआरक्यू किती? डीएमए किती? 220, 7, 1 हे उत्तर पाढ्यासारखं पाठ असे. आयआरक्यू म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची घंटा. पण 7 नंबरची घंटा आधीपासून प्रिंटरची. एका घंटेवर दोघांनी हक्क सांगितला, की कधी खेळ पहिल्याच आवाजावर अडकून बसे, कधी सगळं यंत्रच गारठे. मग डबा उघडून कार्डावरची इवलीशी जंपरची टोपी उचलायची आणि 7 वरून 5 वर बसवायची. बदलीचा अर्ज न देता झालेली बदली ती एवढीच.

बरं, यंत्र नवं घ्यावं तर तिसरंच. सुरुवातीचे बरेच खेळ 4.77 मेगाहर्ट्झचा वेग गृहीत धरून लिहिलेले. वेगवान यंत्रावर त्यातली माणसं मुंग्यांसारखी पळत सुटत. म्हणून डब्यावर एक बटण असे. त्याचं नाव टर्बो आणि त्याचं खरं काम यंत्राला हळू करण्याचं!

आमच्या कॉम्प्युटर क्लासात बेसिकपेक्षा जास्त भक्ती ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची होती. जॉर्डन मेकनरने 1989 साली तो अ‍ॅपल टू यंत्रासाठी केला आणि 1990 साली तो डॉसवर आला. राजकन्येला सोडवायला तासाची मुदत. त्या पळणाऱ्या राजपुत्राच्या हालचाली मेकनरने धाकट्या भावाला पळवून, त्याचं चित्रीकरण करून उतरवल्या होत्या. चोरी टाळायला मध्येच एक दालन. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतला अमुक शब्द पाहा आणि त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्या. म्हणजे पुस्तिका रद्दीत गेली, की पैसे मोजून आणलेला खेळही अडला.

आज 64 बिटांचं विंडोज 16 बिटांच्या त्या प्रोग्रामला ओळखसुद्धा दाखवत नाही. फ्लॉपी धडधाकट असूनही खेळ मेलेलाच. त्याला उठवलं ते हौशी मंडळींनी. 2002 साली आलेला ‘डॉसबॉक्स’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम नव्या यंत्राच्या पोटात जुनं यंत्रच मांडतो. तेच 640, तेच साउंड ब्लास्टर, तेच 220, 7, 1. खेळ फार पळाला तर कंट्रोल आणि एफ 11 दाबायचं की मंदावतो, एफ 12 ने वेग घेतो. ज्या अडचणींना आम्ही शिव्या घातल्या, त्या सगळ्या कुणीतरी प्रेमाने पुन्हा बांधल्या. कारण खेळ नुसता जपून भागत नाही. त्याची ती कोंदट खोलीही जपावी लागते.

आणि फ्लॉपी तरी किती जपल्या जातात? ‘प्रिन्स’चा मूळ कोड स्वतः मेकनरलाच सापडत नव्हता. तो निघाला त्याच्या वडिलांच्या घरच्या कपाटातून, जुन्या फ्लॉप्यांवर. जाणत्या लोकांनी त्या वाचून काढल्या आणि 2012 साली तो कोड सर्वांसाठी खुला झाला. वडील जरा टापटिपीचे असते तर संपलं होतं. तेव्हा दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा एवढंच करा. माळ्यावरच्या फ्लॉप्या भंगारवाल्याला देण्याआधी त्यांवरची नावं एकदा वाचा.